बसून राहिले

४ जुलै २०२४, गुरुवार. धरमपेठ, नागपूर

पोचलो एकदाचा. कुडाळहून निघून दीड दिवस झाला. पाठ मोडली आहे, पण सहाशे मिलिमीटरची लेन्स शाबूत आहे. सगळी वाट ती मांडीवर घेऊन बसलो होतो. समोरच्या बाईंनी शेवटी विचारलंच, की पेटीत नेमकं आहे काय. दुर्बिणीची आजी आहे म्हटलं, तर त्यांनी लेकराला जरा पलीकडे सरकवलं.

सुमतीताईंनी गच्चीवरची खोली दिली आहे. पंखा आहे, कूलर आहे, आणि खिडकीतून समोरच्या कडुनिंबातली तांबट पक्ष्याची ढोली दिसते. मी खूश. ताई साठीच्या असतील. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांचे यजमान मार्तंडराव विदर्भातल्या पक्ष्यांचं पुस्तक करत होते, तेच आता पुरं करायचं आहे. फक्त एका पक्ष्याचा फोटो राहिला आहे, तिबोटी खंड्याचा. हा आमच्या कोकणातला, सदाहरित रानातला पाहुणा. नागपूरजवळ तो असायचं कारण नाही. मार्तंडरावांनी कन्हानकडे एका बंद खाणीच्या नाल्यावर तो पाहिला, तेव्हा इथले पक्षीमित्र हसले म्हणे. मग त्यांनी हट्ट धरला. मला या कामावर धाडणाऱ्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, की तीन वर्षांपूर्वी मार्तंडराव तिथंच, फोटोसाठी बसलेले असतानाच हार्ट अटॅकने गेले. अंधाऱ्या रानात फोटो काढायचा सराव असलेला माणूस हवा होता. तसा मी आहे. इथं नम्रता कशाला दाखवू, रोजनिशी माझी आहे.

ताईंनी भिंतीवरच्या फोटोला हार घातलेला नाही, मंगळसूत्रही काढलेलं नाही. बरं वाटलं मला ते. चहा देताना शांतपणे म्हणाल्या, "हे तिकडेच बसून राहिले. मी इथून डबा पाठवून राहिली. तीन साल झाले." मी मान खाली घातली. 

इथल्या बोलीची मात्र गंमत वाटते. स्टेशनवर रिक्षावाल्याने विचारलं, काय शोधून राहिले भाऊ? मला आधी वाटलं, कुणी काही शोधता शोधता मागे राहिलं की काय. 'शोधून राहिले' म्हणजे शोधताय. मग मीही बायकोला, सोनिकाला, फोनवर सांगितलं, की मी तुझी आठवण काढून राहिलो. ती पोट धरून हसली, आणि आठव्या महिन्यात असं हसवू नकोस म्हणाली.

६ जुलै, शनिवार

आज भाड्याच्या मोटारसायकलवरून जाऊन रान पाहिलं आणि तोंडात बोट घातलं. मँगनीजची जुनी खाण आहे. वीस वर्षांपूर्वी बंद पडली, पण खड्ड्यातलं पाणी वर्षभर झिरपत नाल्यात येतं. त्या ओलीवर जांभूळ, करंज, बांबू आणि वेली अशा माजल्या आहेत, की आत शिरलं की भर दुपारी तिन्हीसांज. बाहेर नागपूर, आत आमची कोकणातली तिलारी. नाल्याचा काठ मातीचा आणि उभा आहे, खंड्याला बीळ करायला अगदी हवा तसा.

खाणीचे चौकीदार देवराव मला आत घेऊन गेले. म्हातारे आहेत, पण काटक. मार्तंडरावांचं लपण अजून उभं आहे. लपण म्हणजे बांबू आणि हिरव्या जाळीची एका माणसापुरती खोपटी. आत एक लाकडी स्टूल, पुढे लेन्स टेकवायला फळी, आणि जाळीला वितीएवढं भोक. देवराव दारातच थांबले. लपणाकडे पाहून म्हणाले, "मार्तंडसाहेब इथंच बसून राहिले. खंड्याची वाट पाहून राहिले." मी म्हटलं, माहीत आहे, संपादकांनी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "मंग तुमी कुठं बसता?" मी स्टूल पुसलं आणि बसलो. दुसरीकडून बीळ दिसतच नाही. देवराव फाटकाकडे परत गेले.

अंधाऱ्या रानातल्या फोटोचं गुपित इथं लिहून ठेवतो, मुलाला किंवा मुलीला पुढे कामाला येईल. सहाशेच्या लेन्समधून पाहताना स्वतःच्या छातीचा ठोका दिसतो. गाल कॅमेऱ्याला टेकलेला असतो, त्यातून ठोका लेन्सपर्यंत जातो आणि समोरची फांदी दर ठोक्याला जराशी डुलते. ऊन असेल तर काही बिघडत नाही, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटतं. पण असल्या काळोखात ते सेकंदाचा पंधरावा भाग तरी उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात एक ठोका पडला, की पक्षी पुसला गेला. म्हणून दोन ठोक्यांच्या मधे बोट दाबायचं. श्वास सोडायचा, थांबायचं, दाबायचं. याला वर्षं लागतात.

आज काहीच आलं नाही. डासांचं मात्र पोट भरलं.

१० जुलै, बुधवार

आला! दुपारी दोनच्या सुमारास, भुरभुर पाऊस असताना. चिमणीएवढा जीव, जांभळी पाठ, नारिंगी पोट, पोवळ्यासारखी चोच, आणि चोचीत सापसुरळीचं पिल्लू. म्हणजे बिळात पिल्लं आहेत. मार्तंडराव खरे होते, हसणारे खोटे. वीस फोटो काढले आणि वीसही पुसट. दोन ठोक्यांच्या मधे बोट काही पडेना.

आज घाईत माझी पोळीची गुंडाळी खोलीवरच विसरलो होतो. साडेबाराला देवराव आले, लपणाच्या दाराशी स्टीलचा डबा ठेवला आणि मागे न बघता गेले. सुमतीताईंची माया! तीन पोळ्या, वांग्याची भाजी, तिळाची चटणी, खालच्या खणात वरणभात. वाटी धुतल्यासारखी करून ठेवली.

संध्याकाळी ताईंना सांगितलं, की असली वांगी मी जन्मात खाल्ली नाहीत. त्या पायरीवर मेथी निवडत होत्या. हात थांबला.  मग विचारलं, "सगळा खाल्ला?" म्हटलं, चाटूनपुसून. त्या उठून आत गेल्या. बहुतेक कुणाची तरी आठवण झाली असावी. मलाच वाईट वाटलं.

१४ जुलै, रविवार

डबा रोज येतो आहे, आणि रोज थोडा मोठा होतो आहे. काल पाटवडीचा रस्सा, आज खीर. मी ताईंना म्हटलं, एवढे लाड करू नका, सासरी गेल्यासारखं वाटतं. त्या हसल्या नाहीत. खा तुम्ही, एवढंच म्हणाल्या.

सोनिकाशी तासभर बोललो. डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख वीस ऑगस्टची दिली आहे. माझं आठ ऑगस्टचं तिकीट काढलं आहे आणि तिने ते तीनदा वाचून दाखवायला लावलं. तिचं बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वी पहिलं पोटातच गेलं, तेव्हा मी तिलारीच्या रानात धनेशाच्या ढोलीसमोर बसलो होतो, फोनला रेंज नव्हती. तिला तिच्या भावाने, सौरवने, मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वेळी मी तिथं असणार. पक्षी मिळो न मिळो, आठ तारखेला मी गाडीत असणार. इथं लिहून ठेवतो म्हणजे मोडता येणार नाही.

१७ जुलै, बुधवार

मिळाला! पंधराव्या भागात, कातळावर कोरल्यासारखा स्पष्ट. पापणीवरचं पाण्याचं थेंबुटंसुद्धा. ताईंना दाखवला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात जोडले. म्हटलं, अहो, हे काय. त्यांच्या हातात आज हिरव्या बांगड्या होत्या. छान दिसत होत्या, तसं म्हणालोही.

काम झालं खरं. पण पिल्लं बाहेर येतील तो फोटोही हवा. अजून तीन आठवडे आहेत.

२१ जुलै, रविवार

हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. आज गंमत म्हणून पाव सेकंदाने फोटो घेतला. स्पष्ट. मग अर्ध्या सेकंदाने. मग पूर्ण एक सेकंद. पानं हलली ती पुसट, पाऊस रेघांसारखा, आणि मधोमध खंड्या दगडासारखा स्पष्ट. सहाशेच्या लेन्सवर एक सेकंद! बत्तीस वर्षांच्या आयुष्यात असा हात मला लाभला नव्हता. दृश्य डुलतच नाही. चित्र भिंतीला टांगल्यासारखं गप्प.

डोळा शोधणारा चौकोन मात्र बिघडला आहे. हा नवा कॅमेरा आपणहून डोळा हुडकतो, पक्ष्याचाही आणि माणसाचाही, आणि त्यावर हिरवा चौकोन ठेवतो. आल्या आल्या पहिले चार दिवस तो सारखा पक्ष्याला सोडून माझ्याच डाव्या खांद्याशी येई, तिथं काहीच नसताना. आता ते थांबलं. पण आज लेन्स बदलून, पडदा उलटा फिरवून स्वतःचा फोटो काढायला गेलो, तर माझ्या चेहऱ्यावर चौकोन येईना. दहादा करून पाहिलं. धूळ बसली असेल.

घरी आलो तर खालच्या दाराशी पुरुषाचे बूट. मोठे, जुने, काळ्या चिखलाने माखलेले. तो चिखल खाणीचा, माझ्याही बुटांना तोच असतो. आतून खोकल्याचा आवाज आला. ताई कपाळाला टिकली लावून दारात उभ्या होत्या. कोण आलंय विचारलं तर म्हणाल्या, हे आले. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं.

२६ जुलै, शुक्रवार

भूक लागत नाही. फक्त त्या डब्याची लागते. काल देवराव उशिरा आले तर मी लपणाच्या दाराशी उकिडवा बसून वाट पाहत होतो. स्वतःचीच लाज वाटली.

आज कन्हानला औषधाच्या दुकानात गेलो, जरा अशक्तपणा वाटतो म्हणून. दुकानदाराने बोटाला लावायचा चिमटा काढला, ऑक्सिजन आणि नाडी दाखवणारा. माझ्या बोटावर दोन आडव्या रेघा आल्या. त्याने दुसरं बोट घेतलं. रेघा. "सेल डाऊन असन," तो म्हणाला आणि स्वतःच्या बोटाला लावला. त्र्याऐंशी ठोके. परत माझ्या बोटाला. रेघा. दोघंही हसलो. मी गोळ्या घेऊन निघालो.

बाहेर येऊन मनगट धरलं. मग गळा चाचपला. गर्दी होती, हॉर्न वाजत होते, कळलं नाही. कळलं नाही असंच लिहितो.

सोनिका फोनवर म्हणाली, की तू बोलताना मधे श्वास घेत नाहीस का? आवाज सलग येतो, कुणी वाचून दाखवावं तसा. मी म्हटलं, रेंज.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज सगळं कळलं. नीट लिहितो, क्रमाने लिहितो.

देवराव डबा ठेवायला आले तेव्हा मी बाहेरच उभा होतो. डबा त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी सोडला नाही. म्हणाले, एक विचारू का साहेब, राग नोका मानू. मग विचारलं, "तुमी मार्तंडसाहेबाचा डबा काहून खाऊन राहिले?"

मी म्हटलं, मार्तंडरावांचा कसा, ते तर वारले. देवराव म्हणाले, वारले, मीच तर पाह्यलं त्यायले पहिले. डोळा कॅमेऱ्याले लावलेला आणि बोट बटनावर. जाळलं, राख कन्हान नदीमधी सोडली. पण दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तं साहेब बसूनच राहिले. बोलत नाहीत, हालत नाहीत. ताईले सांगितलं तं ताई म्हणे, मंग त्यायचा डबा काहून बंद करू. तीन साल डबा आणून राहिलो मी. दुपारी ठेवायचा, संध्याकाळी भरलेला परत न्यायचा. कुत्रं तोंड लावत नव्हतं त्याले. आन् तुमी आले, त्यायच्या स्टुलावर बसले, त्यायचा घास खाल्ला. मले वाटलं ताईनं तुमाले सांगितलं असन.

मी विचारलं, आता? ते म्हणाले, "आता साहेब इथं बसून नाही राहिले. तीन हप्ते झाले. आता तुमी बसून राहिले."

मी व्याकरणात चुकलो. एवढंच झालं. बसून राहिले म्हणजे बसले आहेत. डबा पाठवून राहिली म्हणजे पाठवते आहे. पहिल्या दिवशी ताईंनी सांगितलं, सहा तारखेला देवरावांनी सांगितलं, वर्तमानकाळात, तोंडावर. रिक्षावाल्याचं मला कळलं. बायकोला तेच बोलून हसवलं मी. पण मेलेल्या माणसाबद्दल कुणी बोललं, की कान आपोआप भूतकाळ ऐकतो. मला कुणी फसवलं नाही. त्यांनी खरं सांगितलं आणि मी मान डोलावली.

३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी ताईंकडे गेलो. टेबलावर दोन कप होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. दाराखालच्या फटीत पावलांची सावली होती आणि ती सरकत नव्हती.

मी खूप बोललो. ओरडलो असेन. ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, मी तुम्हाले पहिल्याच दिवशी सांगितलं. लपवलं नाही. तुम्ही खाल्लं त्या संध्याकाळी कळलं मले, की तुम्हाले समजलंच नव्हतं. तेव्हा सांगायचं होतं. सांगायलाच उठली होती मी. आणि आत गेली, तर हे खाटेवर बसून बूट काढून राहिले होते.

त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, तीन साल मी एकटी जेवून राहिली. मंग मी डबा चालूच ठेवला, वर खीर केली. चूक केली, माहीत आहे. तुम्ही बी कोणासाठी तरी जाऊन राहिले नं, तुम्हाले समजन.

मला समजलं, हेच वाईट. विचारलं, यातून उठायचं कसं? त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, हे कसे उठले?

आतून खोकला आला. "येते," असं त्या म्हणाल्या, मला नाही, आत. इतक्या मायेने, की मीच जिना चढून वर आलो.

५ ऑगस्ट, सोमवार

तीन दिवस डबा खाल्ला नाही. दुसरंही काही गिळत नाही. तसं काही लागतही नाही.

बॅग भरली. परवाची गाडी. उद्याची मिळत नाही, तरी स्टेशनवर जाऊन बसेन. इथं राहत नाही. खाट, पंखा, कडुनिंब, सगळ्यांना राम राम.

कॅमेरा, लेन्स आणि तिपाई लपणाच्या पेटीत आहेत. राहू देत का? नऊ वर्षं पोटाला चिमटा काढून घेतलेली लेन्स. उद्या सकाळी उजाडल्यावर जाईन, उचलेन, निघेन. बसणार नाही. आत पाऊलसुद्धा टाकणार नाही, हात घालून पेटी ओढून घेईन. वही, फोन, पाकीट सगळं खांद्यावरच्या पिशवीत. तिथूनच थेट स्टेशन.

सोनिकाला सांगितलं, एक दिवस आधी निघतोय. ती म्हणाली, शपथ घे. घेतली.

६ ऑगस्ट

पेटी ओढताना पिल्लं ओरडली. बिळातून बाहेर येत होती. पहिल्यांदाच.

दोन मिनिटं, म्हटलं. एक फोटो.

पिल्लं तीन. चौथं आत आहे. शटर दोन सेकंद, तरी स्पष्ट. तीन सेकंद, स्पष्ट. फांदी डुलतच नाही. मी गाल दाबून धरतो, वाट पाहतो, एक तरी ठोका पडू दे — नाही.

उठतो आता.

६ ऑगस्टच, दुपार

उठलो असं वाटलं. फाटकापर्यंत गेलो, मोटारसायकलला किल्ली लावली, रस्त्याला लागलो. मग पाहिलं तर डोळा कॅमेऱ्यालाच.

तीनदा असं झालं. दुखत काही नाही. फक्त उजवा हात माझा आहे, लिहिण्यापुरता. पेन पिशवीत होतं, सापडलं. बाकीचं अंग ऐकत नाही.

ओरडलो. आवाजाला श्वास लागतो, हे मला माहीत नव्हतं.

७ ऑगस्ट

देवराव आले. डबा ठेवला. दोन हात लांब उभे राहिले. हात जोडून म्हणाले, ताईनं तुमच्यासाठी पाठवला. तुमचा डबा. माफी मागून राहिली ती.

माझ्याकडे पाहत होते की माझ्या पलीकडे, कळलं नाही. मी वहीचं पान वर धरलं. त्यांनी पाहिलं नाही, की वाचता येत नाही —

गाडी आजची. संध्याकाळी डबा भरलेला परत गेला.

८ ऑगस्ट

फोन वाजतो आहे. पिशवीत. डाव्या बाजूला, पिशवीचं तोंड उघडं. उजवा हात तिथवर पुरत नाही, बोटं जेमतेम पडद्याच्या कडेला लागतात.

सोनिका. सोनिका. सौरव. सोनिकाची आई. सौरव.

गाडी कालच सुटली असेल.

दुपार. पडदा उजळला, मेसेज वाचता आला. सौरवचा. सोनिकाताईला सकाळपासून कळा सुरू आहेत, भाऊजी, तुम्ही कुठं आहात?

बारा दिवस आधीच. मी शपथ घेतली होती, सोनिका. मी निघालो होतो. खरंच निघालो होतो —

रात्र की पहाट

मुलगी झाली.

फोटो आहे मेसेजमधे. अर्धाच दिसतो. कपडा, एक मूठ. चेहरा वरच्या अर्ध्यात. बोटाने सरकवायचा फक्त. अर्धा इंच. बोट पोचत नाही.

पडदा मिटला.

मूठ एवढीशी आहे.

९

बॅटरी संपली.

खंड्या आला, गेला. मला भूक नाही, झोप नाही. फक्त वाट. मार्तंडराव तीन वर्षं. तीन वर्षांत ती चालायला लागेल, बोलायला लागेल. विचारेल, बाबा कुठं? सांगतील, तिकडेच बसून राहिला.

डबा परत गेला. भरलेला.

१० असावी

फाटकाचा आवाज. देवराव कुणाशी तरी बोलतात, लांबून. "साहेब तिथंच बसून राहिले. जाऊन पाहा."

सौरव. तो सौरव आहे. हिरवा चौकोन लगेच त्याच्या डोळ्यावर बसला. किती सुजलेत डोळे. त्या रात्रीच निघाला असेल, मिळेल त्या गाडीने. त्यानेच नेलं होतं तेव्हाही तिला, मी नव्हतो तेव्हा —

देवरावांनी सांगितलं त्याला. त्यानेही भूतकाळच ऐकला असणार.

जाळी बाजूला केली. आत पाहिलं. माझ्यातून पलीकडे पाहिलं. भाऊजी, म्हणाला. दोनदा.

पिशवी दिसली त्याला. फोन उचलला. स्टूल रिकामंच समजून टेकला. थंड वाटलं असेल, अंग आखडून घेतलं. मी त्याच्या आत बसलोय आणि त्याला —

हसायला येतंय आणि रडायला.

दारात डबा आहे. आजचा. अजून गरम, झाकणाला वाफ. पाटवडीचा वास. त्याने दीड दिवस काही खाल्लेलं नाही, पोटात कावळे ओरडताना ऐकू येतात मला. डब्याकडे पाहतोय. इकडेतिकडे पाहतोय. कुणाचा म्हणून.

त्याने एक घास घेतला तर मी उठेन. फाटक, रस्ता, गाडी, कुडाळ. परवा सकाळी चेहरा दिसेल. वरचा अर्धा.

ताई अशाच आत गेल्या असतील. सांगायला उठून.

नाही. त्याचंही लग्न ठरलंय दिवाळीत. नाही. त्याला वही दिसेल, फळीवर माझ्यापुढे उघडी आहे. मोठ्या अक्षरांत लिहितो, खाऊ नकोस, पळ. एवढं लिहिता येईल. हात जड होतोय, तोही जातोय वाटतं, पण एवढं —

तो झाकण काढतोय.

तिचा चेहरा —

लिहितो. लिहून राहिलो. थांब, सौरव, इकडे बघ, वाच —

सौरव, हा डबा खा